सेल्फ मारताना संगणक का बंद पडतो?

रात्रीच्या वेळी दिवे चालू ठेवून जीपच्या ड्रायव्हरने सेल्फ मारला, की दिवे क्षणभर मंद आणि पिवळसर होतात. इंजिन सुरू होताच ते पुन्हा लख्ख पेटतात. हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. दिवा क्षणभर मंद झाला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. पण त्याच बॅटरीवर एखादा छोटा संगणक चालत असेल, तर त्याला हा क्षण जड जातो.

असे छोटे संगणक आज अनेक वाहनांत दिसतात. पत्त्यातल्या पानाएवढ्या एकाच बोर्डावर प्रक्रियक, स्मृती आणि जोडण्या असा सगळा संसार मांडलेला असतो. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये विक्रीला आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा त्यांतला सर्वांत परिचित. बसचा ठावठिकाणा कळवणे, फिरत्या प्रयोगशाळेतली उपकरणे चालवणे, रस्त्यावरच्या हवेतील धूलिकणांची नोंद ठेवणे अशी कामे त्याच्याकडून करून घेतात. आमच्यासारख्या मोजमापे घेणाऱ्यांना तो फार सोयीचा वाटतो. मात्र वाटेत चहाला थांबून गाडी पुन्हा सुरू करताना तो बंद पडला, तर दोन प्रकारचे नुकसान होते. पुन्हा चालू होईपर्यंतच्या काळातल्या नोंदी जातात, हे लहान नुकसान. त्या क्षणी तो मेमरी कार्डावर काही लिहीत असेल, तर सकाळपासूनच्या नोंदीही हातच्या जाऊ शकतात, हे मोठे.

हे का होते आणि कसे टाळता येते, याचे उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. ते टप्प्याटप्प्याने पाहू या.

बॅटरीच्या आतला रोध

मोटारीच्या बॅटरीत शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांचे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. या जातीचा घट फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली तयार केला. पूर्ण भारित घटाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून सहांचा मिळून १२.६ व्होल्ट. ‘बारा व्होल्टची बॅटरी’ हे बोलण्यातले नाव झाले.

हा १२.६ व्होल्टचा दाब बॅटरीतून प्रवाह घेत नसताना मिळतो. प्रवाह वाहू लागला, की तो बॅटरीच्या आतल्या पट्ट्यांतून आणि आम्लातूनही वाहतो. तेथेही रोध आहेच. या अंतर्गत रोधावर काही दाब खर्च होतो आणि उरलेला बाहेर मिळतो:

बाहेर मिळणारा दाब = बॅटरीचा मूळ दाब − (प्रवाह × अंतर्गत रोध)

हे समीकरण आपण दहावी-बारावीत शिकवतो. त्यातला अंतर्गत रोध इतका लहान असतो, की विद्यार्थ्यांना तो परीक्षेपुरता वाटतो. चांगल्या बॅटरीत तो ओहमच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. एक अँपिअर प्रवाहाने त्याच्यावर जेमतेम ०.०१ व्होल्ट खर्च होतात. पण सेल्फची मोटर एक अँपिअरवर भागवणारी नव्हे.

समजा, बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम आहे, आणि जाड तारा व मोटर यांचा मिळून रोध ०.०२ ओहम आहे. मोटर अजून फिरू लागलेली नाही. तेव्हा प्रवाह होईल १२.६ भागिले ०.०३, म्हणजे ४२० अँपिअर. बॅटरीच्या आत ४२० × ०.०१ = ४.२ व्होल्ट खर्च झाले आणि बाहेर उरले ८.४ व्होल्ट. दिवा मंद होण्याचे कारण हेच.

मोटर फिरू लागली, की तिच्यातच एक उलट दिशेचा दाब निर्माण होतो, कारण फिरणारी मोटर त्याच वेळी जनित्राचेही काम करते. हा उलटा दाब ६.६ व्होल्ट झाला असे धरू. मग प्रवाह चालवायला उरले ६ व्होल्ट. प्रवाह २०० अँपिअरवर येतो आणि बॅटरीच्या टोकांवरचा दाब १०.६ व्होल्टपर्यंत सावरतो. म्हणजे सर्वांत खोल खड्डा अगदी सुरुवातीचा असतो. तो काही दशक मिलिसेकंदच टिकतो. त्यानंतर इंजिन पेट घेईपर्यंत, एक-दोन सेकंद किंवा थोडा अधिक काळ, दाब नेहमीपेक्षा कमी राहतो. इंजिन चालू झाले, की आल्टरनेटर काम हाती घेतो आणि दाब १४ व्होल्टच्या आसपास जातो.

आता बॅटरी जुनी झाली आहे आणि डिसेंबरातली पहाट आहे असे समजा. थंडीत घटातील रासायनिक क्रिया मंदावतात आणि अंतर्गत रोध वाढतो. तो ०.०२ ओहम झाला, तर एकूण रोध ०.०४ ओहम होतो आणि प्रवाह ३१५ अँपिअर. प्रवाह पूर्वीपेक्षा कमी झाला, तरी बॅटरीच्या आत ६.३ व्होल्ट खर्च होतात आणि बाहेर ६.३ व्होल्टच उरतात! शिवाय थंडीत इंजिनातले तेल दाट झालेले असते, त्यामुळे मोटरला वेग घ्यायला अधिक वेळ लागतो. नव्या बॅटरीवर, भर दुपारी केलेली चाचणी यशस्वी झाली म्हणून निर्धास्त राहू नये, ते यासाठी. वाहनांतील विद्युत उपकरणांच्या चाचण्यांसाठी असलेल्या आयएसओ १६७५० या मानकात इंजिन सुरू करतानाची ही घसरण मुद्दाम घडवून आणतात. त्यातील कडक पातळ्यांवर दाब ५ व्होल्टच्याही खाली नेला जातो.

संगणकाला काय होते?

रास्पबेरी पायसारख्या संगणकाला ५ व्होल्ट लागतात. तो दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, की त्याच्या अनेक आवृत्ती कमी दाबाचा इशारा देतात. आणखी घसरण झाली, तर संगणक थबकतो किंवा पहिल्यापासून चालू होतो. बॅटरीचे १२ ते १४ व्होल्ट उतरवून ५ व्होल्ट करण्यासाठी मध्ये एक परिवर्तक बसवावा लागतो. खरी परीक्षा या परिवर्तकाची असते.

इलेक्ट्रॉनिक्सच्या छंदात सर्वांच्या ओळखीचा ७८०५ हा नियंत्रक घेतला, तर त्याला बाहेर जेवढे व्होल्ट द्यायचे त्याहून सुमारे २ व्होल्ट अधिक, म्हणजे ७ व्होल्ट आत मिळावे लागतात. ८.४ व्होल्टच्या खड्ड्यात तो तग धरेल, ६.३ व्होल्टच्या खड्ड्यात धरणार नाही. शिवाय इंजिन चालू असताना तो १४ व्होल्टमधले ९ व्होल्ट नुसते उष्णता म्हणून टाकून देतो. संगणक १ अँपिअर घेत असेल तर ही उष्णता ९ वॉट होते आणि नियंत्रक बोट लावता येणार नाही इतका तापतो. प्रवाह वेगाने चालू-बंद करून दाब उतरवणारे स्विचिंग परिवर्तक फार कमी तापतात. परंतु केवळ दाब उतरवणे एवढेच ज्यांना येते, त्यांनाही ५ व्होल्टपेक्षा थोडा अधिक दाब आत लागतोच.

मेमरी कार्डाचे दुखणे वेगळे आहे. त्यातील स्मृतीत एखादे अक्षर पुसून तेवढ्याच जागी दुसरे लिहिता येत नाही. मोठा कप्पा एकदम पुसावा लागतो. कोणता मजकूर कोठे ठेवला आहे, याची अनुक्रमणिकाही सतत बदलावी लागते. एका ओळीत दुरुस्ती करण्यासाठी शिक्षकांनी सबंध फळा पुसला आणि नवे लिहिण्याआधीच वर्गातली वीज गेली, तर जे होईल ते येथे होते. मजकूर शाबूत असला, तरी अनुक्रमणिका बिघडल्यामुळे तो सापडत नाही.

घसरण की खंड?

उपाय करण्याआधी निदान करायला हवे, कारण येथे एकसारखी लक्षणे असलेली दोन दुखणी आहेत.

पहिले दुखणे वर सांगितलेल्या दाबाच्या घसरणीचे. दुसरे दुखणे किल्लीत दडलेले आहे. अनेक गाड्यांत किल्ली सेल्फच्या टप्प्यावर फिरवली, की रेडिओ, सिगारेट लायटरचे सॉकेट अशा जोडण्या मुद्दाम तोडल्या जातात. बॅटरीची सगळी ताकद सेल्फला मिळावी, हा त्यामागचा हेतू. संगणक त्या सॉकेटवर लावलेला असेल, तर त्याला ८ नाही, ६ नाही, शून्य व्होल्ट मिळतात, आणि तेही एक-दोन सेकंद. घसरणीवर चांगला परिवर्तक हा उपाय होऊ शकतो. शून्यातून ५ व्होल्ट काढणारा परिवर्तक मात्र कोणी बनवू शकत नाही.

निदान सोपे आहे. सॉकेटला १२ व्होल्टचा छोटा तारेचा दिवा जोडावा आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. दिवा मंद झाला तर घसरण, पार विझला तर खंड. साधा डिजिटल मल्टिमीटर येथे फारसा उपयोगी नाही. तो सेकंदाला दोन-तीनच वाचने दाखवतो, त्यामुळे पन्नास मिलिसेकंदांचा खड्डा त्याच्या नजरेतून निसटतो.

टाकी आणि झडप

घसरणीवरचा पहिला उपाय म्हणजे आत येणारा दाब ५ व्होल्टपेक्षा जास्त असो वा कमी, बाहेर ५ व्होल्टच देणारा परिवर्तक. गरजेप्रमाणे तो दाब उतरवतो किंवा चढवतो. त्याचा एक गुण विद्यार्थ्यांना चकित करील. संगणक ५ वॉट घेत असेल आणि परिवर्तकाची कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर आत सुमारे ५.६ वॉट लागतात. दाब १२.६ व्होल्ट असताना त्यासाठी ०.४४ अँपिअर पुरतात. दाब निम्मा झाला, की ०.८८ अँपिअर लागतात. साध्या रोधात दाब कमी झाला की प्रवाह कमी होतो, येथे उलट वाढतो. म्हणून तारा व फ्यूज निवडताना कमी दाबावरच्या प्रवाहाचा हिशेब करावा.

दुसरा उपाय साठ्याचा. आपल्या घरांत नळाचे पाणी मध्येच बारीक झाले तरी गच्चीवरच्या टाकीमुळे खोळंबा होत नाही. येथे टाकीचे काम धारित्र, म्हणजे कपॅसिटर करतो. पण टाकीतले पाणी पुन्हा नळातून मागे जाऊ नये म्हणून एकमार्गी झडप लागते. ते काम डायोड करतो. डायोड नसेल, तर सेल्फची भुकेली मोटर धारित्रातला भार क्षणात ओढून घेईल आणि संगणकाच्या वाट्याला काहीच उरणार नाही.

हे धारित्र कोठे ठेवावे? परिवर्तकानंतर ५ व्होल्टच्या बाजूला, की परिवर्तकाआधी १२ व्होल्टच्या बाजूला? पन्नास मिलिसेकंद निभावून न्यायचे आहेत असे धरून दोन्ही हिशेब करू.

संगणक १ अँपिअर घेतो. ५ व्होल्टच्या बाजूला दाब ५.१ वरून ४.७५ पर्यंत, म्हणजे ०.३५ व्होल्टच खाली येऊ देता येतो. धारिता = प्रवाह × काळ ÷ दाबातील घट, म्हणजे १ × ०.०५ ÷ ०.३५ = ०.१४ फॅरड. मायक्रोफॅरडमध्ये सांगायचे तर सुमारे १,४०,०००.

१२ व्होल्टच्या बाजूला डायोडमध्ये ०.४ व्होल्ट जाऊन धारित्रावर १२.२ व्होल्ट असतात. परिवर्तकाला ७ व्होल्ट पुरत असतील, तर दाब १२.२ वरून ७ पर्यंत उतरू देता येतो. धारित्रातील ऊर्जा दाबाच्या वर्गावर अवलंबून असते. ती धारितेच्या निम्म्याला दाबाच्या वर्गाने गुणून मिळते. १२.२ चा वर्ग सुमारे १४९, ७ चा ४९. फरक १००, त्याचा निम्मा ५०. म्हणजे दर फॅरडमागे ५० ज्यूल हाती येतात. गरज आहे ५.६ वॉट × ०.०५ सेकंद = ०.२८ ज्यूलची. धारिता हवी ०.२८ ÷ ५० = ०.००५६ फॅरड, म्हणजे ५,६०० मायक्रोफॅरड.

जागा बदलताच गरज पंचवीस पटींनी कमी झाली. साठा करायचा तो जेथे दाब बराच खाली येऊ देता येतो तेथे करावा, हा यातला धडा. प्रत्यक्षात १०,००० मायक्रोफॅरडचे धारित्र घ्यावे. रिकामे धारित्र जोडताक्षणी मोठा प्रवाह ओढते, म्हणून त्याच्या आधी एखाद्या ओहमचा रोध असावा. दाब सहन करण्याची त्याची मर्यादा किमान ३५ व्होल्ट असावी, आणि त्याच्या आधी दाबाची उसळी शोषून घेणारा संरक्षक डायोड बसवावा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार सैल होऊन सुटली, तर आल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक दशक व्होल्टपर्यंत उसळू शकतो. संगणकाला खड्ड्याइतकीच या उंचवट्याचीही भीती आहे.

खंड असेल तर

खंड दोन सेकंदांचा धरला, तर ऊर्जा लागते ११.२ ज्यूल आणि धारिता ०.२२ फॅरड, म्हणजे २,२०,००० मायक्रोफॅरड. साध्या धारित्रांचा ढीगच रचावा लागेल. येथे अतिधारित्रे, म्हणजे सुपरकपॅसिटर उपयोगी पडतात. २.७ व्होल्ट मर्यादेची, १० फॅरडची सहा अतिधारित्रे एकापुढे एक जोडली, तर मर्यादा १६.२ व्होल्ट होते आणि धारिता सहाव्या हिश्श्याएवढी, सुमारे १.६७ फॅरड उरते. त्यातून ८३ ज्यूल मिळतात. हा संगणक त्यावर जवळजवळ १५ सेकंद चालेल. सहांवर दाब सारखा वाटला जावा म्हणून प्रत्येकाला समांतर रोध जोडावा लागतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत काचेजवळचा भाग फार तापतो, म्हणून अतिधारित्रे आसनाखाली, सावलीत ठेवावी.

याहून सोपा मार्ग आहे. सॉकेट सोडून थेट बॅटरीपासून, तिच्या टोकाजवळच फ्यूज बसवून, स्वतंत्र तार आणावी. मग खंडाचा प्रश्न मिटतो आणि घसरणच उरते. पण किल्ली काढल्यावरही संगणक चालूच राहतो. दर तासाला ०.४४ अँपिअर-तास, म्हणजे तीन दिवसांत सुमारे ३२ अँपिअर-तास खर्च होतील. लहान मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी जवळजवळ उतरेल आणि गाडी ढकलण्याची वेळ येईल.

म्हणून वीज थेट बॅटरीवरून घ्यावी आणि किल्लीच्या जोडणीचा उपयोग निरोपापुरता करावा. किल्लीच्या तारेवर दाब आहे म्हणजे गाडी वापरात आहे, हा तो निरोप. रास्पबेरी पायच्या टाचण्यांना ३.३ व्होल्टपेक्षा अधिक दाब चालत नाही, म्हणून हा निरोप प्रकाशीय जोडकामार्फत द्यावा. निरोप थांबताच संगणकाने लगेच बंद होऊ नये, कारण सेल्फ मारतानाही तो एक-दोन सेकंद थांबू शकतो. दहा सेकंद वाट पाहावी. तरीही निरोप आला नाही, तर फाइली नीट मिटवून बंद व्हावे, आणि साधारण मिनिटाभराने एका कालदर्शक परिपथाने वीज तोडावी.

एस.टी. बस आणि ट्रक यांसारख्या जड वाहनांत बहुधा दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट मिळवलेले असतात. तेथे दाब निम्मा झाला तरी १२ व्होल्ट उरतात. त्यामुळे घसरणीची चिंता कमी, उसळीची मात्र जास्त. उलट, सिग्नलला थांबताच इंजिन आपोआप बंद व सुरू करणाऱ्या अलीकडच्या मोटारींत हा खड्डा एका फेरीत अनेकदा येतो. अशा काही गाड्यांत निर्मात्यांनीच दाब स्थिर ठेवणारा परिवर्तक किंवा दुसरी छोटी बॅटरी दिलेली असते.

वर्गात करण्याजोगा प्रयोग

मोटारीच्या बॅटरीवर वर्गात प्रयोग करू नयेत. तिच्या टोकांना पाना टेकला तर शेकडो अँपिअर प्रवाह वाहून गंभीर भाजू शकते. हाच प्रयोग ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर करता येतो, कारण तिचा अंतर्गत रोध बराच मोठा असतो.

बॅटरीला १,००० ओहमच्या रोधातून एक तांबडा एलईडी जोडा. हा आपला संगणक. त्याच बॅटरीला दाबकळीमार्फत खेळण्यातली मोटर जोडा. हा सेल्फ. मोटरचा आस चिमटीत धरून कळ दाबा. एलईडी मंद होईल किंवा विझेल. आस सोडा. मोटर वेग घेईल तसा तो सावरेल. मोटरच्या उलट्या दाबाचा हा डोळ्यांनी दिसणारा पुरावा आहे. कळ दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक वेळ दाबून ठेवू नका.

आता एलईडी व त्याचा रोध यांना समांतर १,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे धारित्र जोडा. त्याची धन-ऋण टोके उलटसुलट होऊ देऊ नका. आस धरून पुन्हा कळ दाबा. फारसा फरक पडणार नाही, कारण धारित्र मोटरकडेच रिकामे होते. शेवटी बॅटरी आणि धारित्र यांच्यामध्ये १एन४००७ जातीचा डायोड घाला. या वेळी कळ दाबल्यावर एलईडी ताबडतोब न विझता हळूहळू मंद होत जाईल. धारिता ४,७०० मायक्रोफॅरड केली, तर तो किती वेळ टिकेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधी वहीत लिहू द्यावा आणि मग घड्याळ लावून पाहावे.

अंतर्गत रोध, मोटरचा उलटा दाब, धारित्रातील ऊर्जा आणि डायोड हे चार धडे पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. गाडीत मात्र ते एकाच सेकंदात एकत्र येतात. तो सेकंद मोजून घेतला, तर दिवसभराच्या नोंदी वाचवायला एक डायोड आणि योग्य जागी बसवलेले धारित्र पुरते. न मोजता बसवलेले महागडे उपकरणही खंड आणि घसरण यांतला फरक भरून काढू शकत नाही.